वहीतली अतिशयोक्ती

मित्रांनो, दुपारपासून काही सुचत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

मी कर्जतला अकरावीला इंग्रजी शिकवते. सध्या अलंकार चालू आहेत. पोशीरच्या सुवर्णाने आज तिच्या पणजोबांची शाळेतली वही आणली, एकोणीसशे तीसच्या आसपासची. सिमिली, मेटाफर, सगळं सुबक अक्षरात. हायपरबोली, म्हणजे अतिशयोक्ती, त्याखाली उदाहरण होतं, त्याचा अर्थ असा: 'माझे वडील दिवसातून दोनदा साहेबाला खांद्यावर घेऊन माथेरान चढतात.' शेजारी मास्तरांचा लाल शेरा, 'उत्तम'.

मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. वर्ग हसला. मीही हसले.

कॉलेज सुटल्यावर सुवर्णाचे आजोबा वही न्यायला आले. मी कौतुकाने त्यांना ते वाक्य दाखवलं.

"बाई, ते खरं हाय," ते म्हणाले. "माझा आजा डोली वाहायचा. खांद्यावरचा घट्टा मी बघितलाय."

"मग अतिशयोक्ती म्हणून का लिहिलं?"

"बाबा सांगायचे, खरं म्हणून लिवलं असतं तर मास्तरांनी खोटं म्हणून खोडलं असतं."

मी वही मिटून त्यांच्या हातात दिली.

फळ्यावर 'हायपरबोली' आणि त्याखाली ते वाक्य अजून तसंच आहे. उद्या वर्गासमोर त्यातलं काय पुसू?