अक्काची एकादशीची केळी

मैत्रिणींनो, सकाळपासून डोकं तापलेलं आहे, म्हणून मंडळाच्या भिंतीवर हा कागद लावते आहे.

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, मधुमेह आहे. पायाची जखम भरत नाही. ‘गोड थांबलं नाही तर पाय कापावा लागेल,’ असं डॉक्टरांनी बजावलं आहे. भात तिने निमूट सोडला. आज एकादशी, म्हणून पेरू घेऊन केडगावला तिच्याकडे गेले, तर ताटलीत तीन केळी, खजूर आणि रताळ्याचा कीस!

“हे काय?” मी तिच्या सुनेला विचारलं.

“उपासाचंच आहे की, मावशी. साखर रेशनवर, घरात चिमूटभर नाही.”

“केळ्याला रेशनकार्ड लागत नाही, बाई! त्याच्या पोटात साखरच भरलेली आहे. कच्चट पेरू द्यावा, आवळा द्यावा.”

मी ताटली उचलली. अक्काने माझा हात धरला.

“बाविसाव्या वर्षी कुंकू गेलं, केस गेले, रंगीत लुगडी गेली, रात्रीचं जेवण गेलं. एकादशीचं केळं तेवढं राहिलं होतं गं. तेही तूच नेतेस?”

केळी मी नेलीच. पेरू चिरून दिला. तिने माझ्याकडे पाठ करून खाल्ला.

डॉक्टरांचं पथ्य खरं आहे. पण ज्यांनी आयुष्यभर तिच्यावर खोटी पथ्यं लादली, त्यांनी या खऱ्या पथ्याचीही शिक्षा करून ठेवली. पुढच्या एकादशीला मी कोणत्या तोंडाने पेरू घेऊन जाऊ, सांगा!