साहेबाचा गुण्या

फळा मी छातीशी धरून उभा होतो. चार फूट बाय चार फूट, कोऱ्या प्लायवूडचा. त्यावर साहेबाने स्वतःच्या हाताने, खडूने लिहिलं होतं: वाकडा.

समोर आश्रमशाळेची सगळी पोरं ओळींनी बसलेली. प्रार्थना नुकतीच संपली होती.

"वाचा," साहेब म्हणाला.

"वाकडा."

"मोठ्याने!"

"वाकडाऽऽ!"

चौथीच्या ओळीत माझी बहीण जानी होती. तिचेही ओठ हलले. ते मी पाहिलं. तिला दोष नाही. न वाचणाऱ्याला तिथे छडी होती.

साहेब म्हणजे शाळा चालवणाऱ्या संस्थेचा कार्यवाह. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. आम्हाला माणसात आणायला तो घाट चढून आला होता. हे तोच दर पंधरा ऑगस्टला सांगायचा. त्याने खिशातला चष्मा लावला, हातातला गुण्या फळ्याच्या कोपऱ्याला टेकवला. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार. लाकडी दांडा, त्यात बसवलेलं लोखंडी पातं. पातं आणि फळ्याची कड यांच्यामध्ये फट दिसली. करंगळीचं नख जाईल एवढी.

"बघा. जंगलातला काटकोन! यांच्या झोपड्या वाकड्या, यांची शेतं वाकडी, यांचं बोलणं वाकडं. यांच्या हातून सरळ काय येणार?"

मास्तर हसले. पोरं हसली. फाटकाशी माझा बा उभा होता, डोक्यावरून दुसरा फळा उतरवून. तोही हसला. हात जोडून हसला. साहेब हसला की हसायचं असतं, हे त्याला फार लहानपणी शिकवलं गेलं होतं.

साहेबाचे शब्द मी विसरेन कदाचित. बाचं ते हसणं विसरणार नाही.

आणि त्या घटकेला मलाही वाटलं, खरंच माझा फळा वाकडा आहे.

हे लिहितानाही लाज वाटते. पण हेच लिहायचं आहे.

सुतारकाम मी जव्हारला शिकलो. दोन वर्षं. उस्ताद मुसलमान, म्हातारा, त्याच्या तीन पिढ्या रंध्यावर गेलेल्या. त्याने मला पहिल्या दिवशी आपल्याच पेल्यातून पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी झाडू दिला. महिनाभराने करवत दिली. त्याच्या दुकानात चक्रमुद्रित पत्रकं यायची. जमिनीची, मजुरीची, वेठबिगारीची. कोण आणून टाकायचं ते तो विचारत नसे. मला मोठ्याने वाचायला लावायचा, कारण त्याला मराठी वाचता येत नव्हतं. मी वाचायचो, तो रंधा मारायचा. मध्येच थांबून म्हणायचा, "ये सही लिखा. फिर से पढ."

प्लायवूड सरळ कापायला त्यानेच शिकवलं. हे लाकूड नखरेल. फळीसारखं सरळ मनाने कापलं जात नाही, वरचा पापुद्रा उडतो. म्हणून रेघ पेन्सिलने मारायची आणि मग धारदार सुरीने कोरायची. खालच्या बाजूला, करवत जिथून बाहेर पडते तिथे, कागदाची पट्टी खळीने चिकटवायची. मग कड फुटत नाही. रेघेला लागून सरळ पट्टी ठोकायची आणि बारीक दाताची करवत तिच्या अंगाने चालवायची. घाई नाही.

आणि एक गोष्ट तो जवळजवळ शपथेसारखी सांगायचा. "किसी का भी गुनिया हो, पहले पलटके देखने का. चाहे तेरे बाप का हो."

म्हणजे असं. गुण्याचा दांडा फळीच्या कडेला लावायचा, पात्याने रेघ मारायची. मग गुण्या उलटा करायचा, दांडा दुसऱ्या बाजूने, आणि त्याच ठिकाणाहून पुन्हा रेघ मारायची. दोन्ही रेघा एकावर एक पडल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर खोटा. गुण्या पडतो, आपटतो, ओला होतो. खोटा व्हायला वेळ लागत नाही. दोन वर्षांत मी ज्याच्या त्याच्या हातातला गुण्या पलटून पाहिला होता. गिऱ्हाईक वैतागायचं, उस्ताद खूश व्हायचा.

शाळेचं काम मिळालं तेव्हा मी घरी परत आलो होतो. सूर्यमाळच्या खालच्या अंगाला आमचा पाडा. फळ्यांसाठी प्लायवूडचे आठ फूट बाय चार फुटांचे तीन तक्ते एसटीच्या टपावरून मोखाड्याला आले. तिथून मी आणि बाने ते डोक्यावर वाहिले. डोंगराच्या कडेला वारा तक्त्यात शिरायचा आणि माणसाला पतंगासारखा ओढायचा. बा म्हणाला, "हा लाकूड क पाखरू रं?"

कापायला घरी टेबल नव्हतं. अंगणात दोन ओंडके टाकले, त्यावर चार बांबू, बांबूंवर तक्ता. स्वतःचा गुण्या माझ्याजवळ नव्हता; दोन्ही लांब कडांवर चार फुटांची खूण केली आणि रेघेने जोडली. खळीसाठी आईने नाचणीचं पीठ शिजवलं. शिमगा जवळ आला होता, झरा आटत चालला होता. तिने तांब्यातलं पाणी ओतताना माझ्याकडे पाहिलं. "येवढाच. तुझ्या लाकडाला तहान लागली त लागू दे." चिकटवायला कागद म्हणून माझ्याजवळ पत्रकंच होती. पाठ झालेली निवडून घेतली. करवत निघाली ती थेट 'वेठबिगार' या शब्दाच्या मधून. तक्ता सुटत आला की आई दुसरी बाजू धरायची, नाहीतर शेवटचा कोपरा कचकन तुटतो.

एका तक्त्याचे दोन फळे झाले. कडा इतक्या साफ की आईने बोट फिरवून पाहिलं. हे दोन शाळेत लावून बघायचे, मग बाकीचे कापायचे, असं ठरलं होतं. लाकडी चौकटी आधीच तयार होत्या. शहरातल्या माणसाने साहेबाच्या देखरेखीखाली, साहेबाच्या गुण्याने केल्या होत्या आणि भिंतींवर ठोकल्या होत्या. पहिली पडवीत, रोजचा सुविचार लिहायला.

शनिवारी सकाळी फळा त्या चौकटीत बसला नाही. एका कोपऱ्यात आवळला, समोरच्या कोपऱ्यात बोटभर फट. त्यानंतर काय झालं ते वर सांगितलं आहे.

शेवटी साहेबाने गुण्या माझ्या हातात दिला. "हा घेऊन जा. याने मापून कापून आण. सोमवारी प्रार्थनेला सगळ्यांसमोर म्हणायचं, चूक माझी होती. नाहीतर बहिणीची पेटी उचल आणि चालू लाग. वाकड्या घरातली पोरं आम्हाला नकोत."

मी तिसरीतच सुटलो होतो, वाचन पक्कं झालं ते पत्रकांवर. चौथीपर्यंत टिकलेली जानी आमच्या घरातली पहिली. आमच्या पाड्यातली पहिली मुलगी. एवढं सांगितलं की पुरे.

घरी येऊन मी भाकरीही खाल्ली नाही. साहेबाचा गुण्या फळ्याला लावला. फट होती. रेघ मारली, सुरीने कोरली, करवत घेतली. समोरासमोरच्या दोन कडा त्याच्या गुण्याने, बारीक पाचर काढून, नव्याने कापल्या. करवत सरळ गेली.

बा उखळीवर बसून बघत होता. आमच्याकडे घर बांधायचं झालं की चार मुख्य मेढी कुठे रोवायच्या ते सांगायला बाला बोलावतात. आजूबाजूच्या सगळ्या पाड्यांतून. त्याच्याकडे एक दोरी आहे. चार खुंट्या मारतो. मग दोरी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ताणतो, गाठ मारतो, आणि तीच दोरी उरलेल्या दोन कोपऱ्यांत धरतो. गाठ बरोबर आली तर खड्डे खणायचे. नाही आली तर खुंटी हलवायची. गाठ जुळल्याशिवाय बाने आजवर एक मेढ रोवू दिलेली नाही.

तो उठला. आढ्याला अडकवलेली ती दोरी काढली आणि माझ्या नव्याने कापलेल्या फळ्यावर आडवी ताणली. गाठ मारली. दुसऱ्या कोपऱ्यांत धरली. गाठ कोपऱ्याच्या बाहेर गेली, दोन बोटं.

"वाकडा झाला रं," बा म्हणाला.

"काहीतरी काय. गुण्याने कापलाय."

त्याने तीच दोरी पुन्हा न कापलेल्या दुसऱ्या फळ्यावर धरली. पहिल्यांदा गाठ, मग फिरवून. गाठ कोपऱ्यावर बसली. नेमकी.

"हा सरळ हाय. सकाळी तो बी असाच होता."

मी गुण्याकडे पाहिलं. चकचकीत पातं, पितळी खिळे. मग मी तो फळ्याच्या कडेला लावला, रेघ मारली. पलटला. त्याच ठिकाणाहून दुसरी रेघ.

दोन रेघा खेकड्याच्या नांगीसारख्या फाकल्या.

मी तिथेच मातीत बसलो. राग साहेबाचा आला असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. पहिला राग स्वतःचाच आला. उस्तादाने शिकवलं होतं, बापाचाही गुण्या पलटून बघ. साहेबाचा पलटावा, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. त्याचा गुण्या आणि माझा हात, यांत खोटं कोण हे मी न तपासताच मान्य केलं होतं. इतकी पत्रकं वाचून! गुलामी गुलामी म्हणतात ती मी शब्दांत वाचली होती. त्या दुपारी ती माझ्याच मनगटात सापडली.

रविवारभर बा एकच म्हणत राहिला. "साहेबाला वाकडा पाहजे ना, त वाकडा दे. तुझा काय जातंय? चौकट वाकडी, फळा वाकडा. बसंल नीट."

"आणि चूक माझी म्हणू?"

"म्हण. तोंडानं म्हणायची. जानी शिकंल."

"काय शिकंल, बा?"

तो दोरी गुंडाळायला लागला. आई म्हणाली, "पोरगी भात खाते तिथं. ते बी बघ."

ते मी बघितलं होतं. म्हणूनच झोप नव्हती. खरं सांगायचं तर सोमवारी निघालो तेव्हा माझं काहीच ठरलं नव्हतं. दोन्ही फळे घेतले. एक माझ्या डोक्यावर, एक बाच्या.

प्रार्थना झाली. साहेबाने वाकडा फळा उचलून पडवीतल्या चौकटीत ठेवला. अलगद बसला. बोटभरही फट नाही.

"वा!" साहेब म्हणाला. "मनावर घेतलं की येतं. टाळ्या वाजवा याच्यासाठी."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. जानी सगळ्यांत जोरात वाजवत होती. हसत होती. दादाचं नाव पुन्हा चांगलं झालं होतं. आणि मला त्या टाळ्या आवडल्या. एक क्षण. तेही लिहून ठेवतो.

"आता म्हण. चूक माझी होती."

मी म्हणालो, "साहेब, तुमचा गुण्या पलटून बघा."

"काय?"

"पलटून बघा. दोन रेघा मारा. मी दाखवतो."

मी सरळ फळा जमिनीवर ठेवला, कमरेला खोचलेला त्याचा गुण्या आणि कानावरची पेन्सिल काढली. रेघ मारली, पलटला, रेघ मारली. पुढच्या ओळीतली पोरं वाकून बघायला लागली. एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, दोन झाल्या!" गणिताच्या मास्तरांनी मान पुढे केली, रेघा पाहिल्या, आणि मग आभाळाकडे बघत बसले. त्यांना कळलं होतं.

साहेबाने गुण्या माझ्या हातातून हिसकावला. "हा पुण्याहून आलाय," तो म्हणाला.

एवढंच त्याचं उत्तर. पुण्याहून आलाय.

मग शिपायाला म्हणाला, "चौथीतली पेटी बाहेर काढ."

जानीची पेटी पडवीत आली. तिने विचारलं, "दादा, मी काय केला?" मी खाली वाकून पेटीची कडी लावली.

परतीच्या वाटेवर बाने पेटी डोक्यावर घेतली आणि पुढे चालायला लागला. जानी दोघांच्या मध्ये चालत होती. चढावर बा थांबला, मागे न बघता म्हणाला, "तुझ्या रेघेपायी पोरगी घरी बसली."

खरं आहे. मी ते नाकारत नाही. सरळपणाची किंमत मी मोजेन असं मला वाटलं होतं. ती दहा वर्षांच्या पोरीने मोजली.

म्हणून हे इथे संपवून चालणार नाही. दोन दिवस मी अर्ज लिहिला. नऊ ओळींचा. त्यात दया, कृपा, मेहेरबानी यांतला एकही शब्द नाही. जानीचं नाव पटावर परत घाला, आणि शाळेतल्या सगळ्या चौकटी लोकांसमोर मोजा, एवढंच. आज मोखाड्याचा बाजार. सगळ्या पाड्यांची माणसं येतील. तिथून त्यांना घेऊन पंचायत समितीच्या दारात जायचं आणि तिथून शाळेत. सोबत सरळ फळा न्यायचा.

पहाटे निघताना बा अंगणात उभा होता. राग गेलेला नव्हता. त्याने आढ्याची दोरी काढून माझ्या अंगावर फेकली.

"गुण्या ते लपवतील," तो म्हणाला. "दोरी ने."

दोरी खांद्यावर आहे. गुण्या लपवता येईल, मोडता येईल, पुण्याला धाडता येईल. चौकटी भिंतीत ठोकल्या आहेत, त्या कुठे जात नाहीत. साहेब फाटक लावेल, पोलीस बोलावेल, अर्ज फाडेल. नऊ ओळी मला पाठ आहेत, पुन्हा लिहीन. पण चूक माझी होती हे वाक्य या तोंडून निघणार नाही. जानी चौथीच्या ओळीत परत बसेपर्यंत मी दर बाजाराला येईन, आणि ज्याच्या हातात जे माप दिसेल ते आधी पलटून बघेन.

फळा डोक्यावर घेतला आहे. मी मोजायला निघालो आहे.