भिंतीकडे तोंड केलेला शनी

मंगळाचा माझा पहिला फोटो मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा अकरा जणांनी हात जोडले. बाराव्याने विचारलं, हा मागच्या टॉवरच्या क्रेनवरचा दिवा ना? तोच होता.

त्यानंतर बरेच दिवस कुणी दुर्बिणीचं नाव काढलं की मी पाणी कपातीवर बोलायला लागायचो. पण दिवाळीनंतर बदलापूरची हवा जरा निवळली आणि संध्याकाळी गच्चीवरून शनी सापडला. दुर्बिणीला कॅमेरा लावून दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ घ्यायचे, त्यातली थरथरणारी चित्रं टाकून द्यायची, नीट आलेली कॉम्प्युटरवर एकावर एक रचायची. आठवडाभर खपल्यावर वाटाण्याएवढा शनी हाती लागला, कड्यासकट. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये नेऊन फ्रेम करून घेतला. फ्रेमवाल्या सिंधी काकांनी तो फिरवून फिरवून पाहिला आणि विचारलं, "साईं, ये बटन किस चीज का है?"

घरी आईने मला दारातच अडवलं. शनीचा फोटो कुणी घरात लावतं का, त्याची नजर वाईट. त्यात रविवारी अंबरनाथहून लेकीला बघायला मंडळी येणार होती. मुलाचं आणि तिचं आधीच जमलं होतं, फक्त त्याच्या आईवडिलांचा होकार बाकी होता. लेक मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, प्लीज, एवढं एक नीट पार पडू दे."

पण मी हट्टाला पेटलो होतो. शेवटी आईनेच तोड काढली. नजरच वाईट ना, मग लाव, पण पाहुणे जाईपर्यंत तोंड भिंतीकडे.

रविवारी पोहे खाता खाता मुलाचे वडील त्या पाठमोऱ्या फ्रेमकडे बघत राहिले. न राहवून त्यांनी विचारलंच. आईने डोळे वटारले. मी फ्रेम सरळ केली आणि सुरू झालो. चहा आला, निवला, परत गरम होऊन आला, तरी मी कड्यांपर्यंतच पोचलो होतो. लेक माझ्याकडे बघेना. निघताना ते फक्त "कळवतो" म्हणाले.

दोन दिवस घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला, होकाराचा. आई म्हणाली, शनी पावला. मी म्हटलं, थोडं श्रेय माझ्या बोलण्यालाही द्या.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "तासभर तुमचं ऐकून घेतलं आणि तरी हो म्हणाले. म्हणजे माणसं सोशीक आहेत. पोरगी सुखात राहील."