आधी शेळीला विचार

मीनाताईनं पहिल्या दिवशी नावं पुकारली आणि एकानंही ओ दिली नाही. खोलीत आठ-नऊ माणसं भिंतीला पाठ लावून बसलेली, सगळी जागी, सगळ्यांचे डोळे तिच्यावर, आणि तोंडं मात्र शिवल्यासारखी. ताई सांगलीकडची, नुकतीच या डोंगरात आलेली. तिनं ‘चंद्रा’ म्हणून हाक मारली, जरा थांबून पुन्हा मारली, मग वैतागून तिसऱ्यांदा मारली, तेव्हा कोपऱ्यातली एक हडकुळी बाई शांतपणे म्हणाली, “हाय ना. इथंच तर हाय.”

“मग मघाशी का नाही बोललात?”

विस्तवात हात का घालत नाहीस असं कुणी विचारावं, तशा नजरेनं चंद्रानं तिच्याकडे पाहिलं. उत्तर ढवळूनं दिलं. हा म्हातारा मोखाड्याकडचा, जन्मभर जंगलखात्याची रोपं लावलेला. बायको गेल्यापासून तो कुणाशी बोललाच नव्हता, पण ताईची फजिती त्यालाही बघवेना.

“पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते, ताई. दुसरीलाबी नाय. मेलेल्याला तिसरी हाक मारता येत नाय. तिसरी आली म्हंजे माणूस हाय, मग बोलायचं.”

“मी मेलेली दिसते का तुम्हाला?”

“आता नाय दिसत,” ढवळू म्हणाला, आणि सगळी खोली हसली.

ही खोली जव्हारमधल्या एका दवाखान्याच्या मागच्या अंगाला होती. ज्यांना खाटेवर ठेवायची गरज नाही, पण महिन्याच्या गोळ्या हातात देऊन घरी धाडणंही धोक्याचं, अशा मोठ्या माणसांसाठी केलेली ही मधली सोय. आठवड्यातले तीन दिवस सकाळी यायचं, गोळी ताईसमोर घ्यायची, दुपारपर्यंत एकमेकांशी बोलायचं, मन बिथरलं तर काय करायचं ते शिकायचं, खिचडी खायची आणि दिवसाउजेडी आपल्या घरी. डॉक्टर या सोयीला इंग्रजीत काहीतरी लांबलचक म्हणत. भट्टीवर आणि कारखान्यात राबून आलेल्या लोकांनी तिला सरळ नाव ठेवलं, दिवसपाळी.

चंद्राचं माहेर वावरचं. ज्या वर्षी त्या बाजूची पोरं भुकेनं गेली, त्या वर्षी तिची धाकटी बहीण मंगळीही गेली. पुढे त्यावर पुष्कळ छापून आलं, साहेब आले, गाड्या आल्या. चंद्रा तेव्हा सात-आठ वर्षांची. तिला एवढंच आठवतं की मंगळी रडायची थांबली तेव्हा घरात सगळ्यांना जरा बरं वाटलं होतं.

मग तीसेक वर्षं मंगळी गप्प होती. बोलायला लागली ती भिवंडीकडच्या वीटभट्टीवर, चंद्राची झोप उडाली त्या हंगामात. “चांदे,” ती म्हणायची. “चांदे, भूक.” चंद्राला चांदे म्हणणारं जगात दुसरं कुणी नव्हतंच. ती दोन हाकांवर थांबत नसे. दहादा, वीसदा, विटा थापताना, भाकरी भाजताना, हाक चालूच. चंद्राला धास्ती बसली ती याचीच. मेलेली माणसं हाका मारतात हे लहानपणापासून माहीत होतं, पण मेलेली माणसं नेमही पाळीनात, तर जित्या माणसानं कशाला धरून राहायचं?

दाभोशाजवळच्या पाड्यावर परत आल्यावर ती थाळीत भात वाढून नदीकडे जाऊ लागली. एकदा डोहात कमरेइतक्या पाण्यात सापडली, थाळी डोक्यावर धरलेली. भगत झाला, कोंबडं झालं. मग तिच्या नवऱ्यानं, उमेशनं, शेतावर जाताना बैलाचं दावं तिच्या पायाला बांधायला सुरुवात केली. एक टोक पायाला, एक घरातल्या मेढीच्या खांबाला. उमेश वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोडून गेला असता.

दिवसपाळी सुरू झाली आणि दावं सुटलं. पण दिवाळी झाल्यावर नवीनच पेच. पाडा दरवर्षीसारखा जगायला निघाला. इकडे भट्टीच्या कामाला जाण्याला जगायला जाणं असंच म्हणतात. आणि चंद्राला तर आठवड्यातून तीनदा जव्हार गाठायचं. ती मागे राहिली. निघताना उमेशनं दावं गुंडाळून मेढीच्या खुंटीला लावलं.

“हे इथंच ऱ्हाऊ दे. शिमग्याला येईन, तवा बघू. नदीकडं गेलीस असं कळलं तर परत बांधीन, सांगून ठेवतो.”

“कोण सांगल तुला? पाड्यात हाय कोण?”

“ठकीकाकी हाय.”

ठकी ही उमेशची म्हातारी चुलती. थकलेली, म्हणून मागे ठेवलेली. डोळ्यांनी अधू, तोंडानं मात्र धडधाकट. तिनं चंद्राला नावानं कधी हाक मारली नाही. सकाळी दारातूनच ओरडायची, “येडे, चुलीचा धूर दिसंना तुझा! मेलीस का काय?”

“मेले नाय. तुझी वाट बघतेय, बरोबर जाऊ.”

“माझ्या आधी तू जाशील, येडे. डोहाला तोंडपाठ हाय तुझी वाट.”

अशी दोघींची बोलाचाली. बाकी घरांच्या दारांना काटे लावलेले, अंगणात पाला साचलेला, कुत्रीसुद्धा माणसांमागं निघून गेलेली. दुपारी जीप चंद्राला सडकेवर सोडी, मग ती पायवाटेनं पाड्यात शिरे, आणि त्या बंद घरांमधून मंगळी बोलायला लागे. आज पहिल्या घरातून, उद्या पलीकडच्या. कुडाच्या भिंतीला तोंड लावून कुणी बोलावं तसं, अगदी जवळून. गोळ्यांनी आवाज बारीक झाला होता, गेला नव्हता.

दिवसपाळीत मीनाताईनं उपाय सांगितला. “आवाज आला की जवळच्या माणसाला विचारायचं, तुलाही आला का. नाही म्हणाला, तर तो आतला. त्याला उत्तर द्यायचं नाही, त्याचं ऐकून कुठे जायचं नाही, हातातलं काम सोडायचं नाही.”

“कोणाला विचारू, ताई? म्हातारीला? ती उमेशला कळवील, येडी परत चालू झाली म्हणून.”

ढवळू मान खाली घालून बसला होता. तो म्हणाला, “शेळी हाय का?”

“दोन हायेत.”

“मग झालं. शेळीला विचार. पान सळकलं तरी शेळी कान टवकारते. तिनं मान वर केली तर भायेरचं. चरत ऱ्हायली तर तुझं तुझ्यापाशी.”

पुन्हा खोली हसली. पण मीनाताई हसली नाही. “करून बघा,” ती म्हणाली.

आणि ते लागू पडलं. मंगळी म्हणे “चांदे”, की चंद्रा शेळ्यांकडे बघे. शेळ्या आपल्या रवंथ करतायत. वाळका फाटा मोडला की दोन्ही कान ताठ. मंगळी गळा काढून ओरडली तरी कान खालीच. चंद्रा म्हणे, बरं, आणि नागलीचं पीठ मळायला घेई. असा हिवाळा सरत आला. ताई म्हणू लागली की शिमग्यानंतर तीनाचे दोन दिवस करू.

शिमगा तोंडावर आला होता. त्या दिवशी दिवसपाळी नव्हती. तिन्हीसांजेची वेळ, चंद्रा अंगणात पाठमोरी लाकडं फोडत होती. कुऱ्हाडीचा घाव पडला आणि त्यातच खालून काहीतरी आलं, ओरडल्यासारखं. शब्द कळला नाही. ती वळली. शेळ्या बांधलेल्या, तोंडं हलतायत.

मग दुसऱ्यांदा आलं, आता स्पष्ट. “चंद्रे!”

आवाज ठकीचा होता, आणि नदीच्या वाटेवरून येत होता.

चंद्रानं शेळ्यांकडे पाहिलं. थोरलीनं पाल्याचा घास ओढला. धाकटी डोळे मिटून बसली होती. कान कुणाचेच हलले नाहीत.

म्हणजे आतलं. झालं, आता मंगळी दुसऱ्याचे आवाज काढायला शिकली. आणि ठकी तिला चंद्रे कशाला म्हणेल? आयुष्यात म्हटलं नाही! हातातलं काम सोडायचं नाही. चंद्रानं कुऱ्हाड उचलली.

“चंद्रे!”

तिसरी. शेळी तिच्या डोळ्यांदेखत चरत होती, तिचा कान ढिम्म होता, आणि हाक तिसरी होती.

कुऱ्हाड हातात तशीच राहिली. शेळीचं ऐकावं तर घरात बसायचं. बापजाद्यांचं ऐकावं तर खाली माणूस आहे. आणि माणूस नसलंच, तर ती पुन्हा तिन्हीसांजेला एका आवाजामागं डोहाच्या वाटेला लागलेली येडी. ठकी उद्या सकाळी दारात बसून विचारील, काल कुठं गेलतीस, आणि मेढीवरचं दावं खाली येईल. तिला एक गोष्ट मात्र जाणवली. दिवसभर कुरकुर करणारी मंगळी कुऱ्हाडीच्या त्या घावापासून एकदम गप्प होती. पोरं लपाछपीत श्वास धरतात तशी.

चंद्रा गेली.

ठकी झऱ्यापाशी पडली होती, हंडा एकीकडे, ती एकीकडे, एक पाय भलताच वळलेला. तोंडाचा रंग राखेसारखा. चंद्राला बघून म्हणाली, “बिबट्या आला वाटलं.”

“बिबट्या तुला खाईल व्हय? दात पडतील त्याचे.” चंद्रानं पाय बघितला. उचलायचं तर बांधायला काहीतरी हवं होतं. “थांब, दोर घेऊन येते.”

“येडे, येशील ना गे परत?” म्हातारी पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली.

घरात दोर म्हणजे एकच, मेढीवरचं दावं. तेच घेऊन चंद्रा धावत खाली आली. लुगडं फाडून पायाला काठी लावली, ठकीला पाठुंगळी घेतलं आणि दावं दोघींभोवती फिरवून आपल्या पोटावर गाठ मारली. ठकी होती केवढी? लाकडाचा भारा तिच्याहून जड. तिच्या कण्हण्याला मोजमाप नव्हतं, पण शिव्या चालू होत्या तोवर चंद्राला काळजी वाटली नाही. सडकेच्या चढावर रेंज मिळते, तिथून जीपवाल्या रघ्याला फोन लावला. रघ्याही याच डोंगरातला. त्यानं तिसऱ्या वेळी उचलला.

दवाखान्यात दाव्याची गाठ सुटेना. शेवटी कुणीतरी कात्री आणून ते कापलं.

रघ्याकडून कळलं आणि दुसऱ्या दिवशी उमेशचा फोन आला. त्याचा पहिला प्रश्न, “तू नदीकडं कशाला गेलतीस?”

चंद्रा काही बोलायच्या आत खाटेवरच्या ठकीनं फोन हिसकावला. “ती गेली म्हणून मी हाय, मुडद्या! तुला चुलती नकोशी झाली काय? आन् ते दावं कापलं दवाखान्यानं. नवीन घेशील तर बैलालाच घे.” फोन परत देऊन तिनं डोळे मिटले.

चंद्रा तिच्या उशाशी बसली. म्हणाली, “बरं झालं तू तीनदा हाक मारलीस. नायतर मी येणारच नव्हते.”

“तीनदा?” ठकीनं एक डोळा उघडला. “एकदाच बोंबलले मी, पडले तवा. मग श्वासच नव्हता. म्हटलं येडी कशाला येतेय, पडून ऱ्हायले.”

“चंद्रे म्हणून हाक मारलीस.”

“मी? तुला कधी म्हटलंय चंद्रे? येडे म्हटलं. एकदा.”

वॉर्डात पंखा फिरत होता. चंद्राला आपल्या हातांवर काटा आलेला दिसला आणि तिनं तो पदरानं झाकला.

सांगायचं नाही असंही करता आलं असतं. तीनाचे दोन दिवस व्हायचे होते. पण तिनं दिवसपाळीत सगळं सांगितलं. एकदा ठकीची, पुढे दोनदा कुणाची ते माहीत नाही.

“मंग शेळी खोटं बोलली?” ढवळूनं विचारलं.

“नाय,” चंद्रा म्हणाली. “शेळी खरं तेच बोलली.”

ताईनं डॉक्टरांना बोलावून आणलं. ते म्हणाले, पहिली हाक कानावर पडली, पण मनाला नीट कळली नाही, म्हणून मनानं ती आपणच पुन्हा वाजवली असेल.

“असेल,” चंद्रा म्हणाली. “मग ‘येडे’ का नाय वाजवलं?”

“ते मला सांगता येणार नाही,” डॉक्टर म्हणाले. माणूस सरळ होता. “झोप लागते का?”

“लागते.”

“गोळ्या तेवढ्याच ठेवू. दिवसही तीनच. आणि असं काही झालं की इथे येऊन सांगायचं. आत्ता सांगितलंत तसं.”

त्या संध्याकाळी चंद्रा पाड्यात आली तेव्हा ठकीच्याही दाराला काटे होते; चंद्रानंच ते लावले होते. आता पाड्यात ती एकटी. चूल पेटवली, भाकरी थापली, शेळ्यांना उंबराचा पाला टाकला.

“चांदे.”

नेहमीचाच आवाज, पण या वेळी कुडापाशी नव्हता. अंगणापलीकडून, कुणी बाहेर उभं राहून बोलवावं तसा. चंद्रानं भाकरी उलटली. वाट पाहिली.

“चांदे.”

थोरल्या शेळीचं तोंड हलायचं थांबलं. तिनं मान वर केली. दोन्ही कान ठकीच्या बंद घराकडे वळले, मग धाकटीचेही, आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या.

चंद्रा तव्यापाशी बसून तिसऱ्या हाकेची वाट बघत राहिली. भाकरी एका अंगानं करपली. तिसरी हाक काही आली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मंगळी दोनांवर थांबली होती.

थोड्या वेळानं शेळ्यांनी माना खाली घातल्या. चंद्रानं करपलेली बाजू खरवडली, अर्धी भाकरी खाल्ली आणि गोळी घेतली. उरलेली अर्धी थाळीत ठेवून ती उंबऱ्यापर्यंत गेली, उंबऱ्याच्या आतच थांबली आणि थाळी बाहेर सरकवली.

शुक्रवारी हेही सांगायचं, तिनं ठरवलं, आणि दार लावून घेतलं.