दाबून न बघणारी

आमच्या शेजारची मुलगी लॅबमध्ये पेशींचे फोटो काढते. पेशी मऊ की कडक, पेशीच्या भोवतालचा भाग कसा, ते त्यात रंगांनी कळतं. हात लावायचा नाही, नुसता उजेड टाकायचा. बाजारातही तिचं तेच. अंबरनाथ पश्चिमेला भाजी घेताना मी प्रत्येक टोमॅटो दाबते. ती उन्हात धरून नुसती निरखते. भाजीवाला तिला म्हणतो, "मॅडम, तुम्ही एकट्याच येत जा."

परवा बाजारातून येताना तिला माझ्या मानेवरची गाठ दाखवली.

"दुखते का, काकू?"

"अजिबात नाही गं."

तिने बोट टेकवलं आणि हलकेच दाबून बघितलं. मग माझ्या हातातली पिशवी घेतली.

"उद्या रजा टाकते," म्हणाली. "डॉक्टरकडे दोघी जाऊ."