पहिलं पाणी

सांता क्लाराला आम्ही भाड्याने राहायचो, त्या घराच्या मागे मालकीणबाईंचं न्हाणीघर होतं. बाई जपानी होत्या. ती लाकडी खोली त्यांच्या नवऱ्याने स्वतः बांधलेली. विटांवर ठेवलेला खोल लाकडी टब, आणि त्यात बसल्यावरच अंगणातलं झाड दिसेल इतकी खाली खिडकी. आधी पाटावर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मग टबात उतरायचं. पाणी सगळ्यांना तेच, पण पहिला मान घरातल्या पुरुषाचा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी बाई टब काठोकाठ भरून दार लावत आणि थोडा वेळ बाहेर थांबत.

बाईंच्या मुलाला न्हाणीघर पाडायचं होतं.

"टब गळतोय, मॉम. फळ्या रोज ओल्या असतात."

"गळत नाही. ते उतरले की पाणी सांडतं."

मुलगा माझ्याकडे वळला. "तुम्ही इंजिनिअर ना? सांगा हिला."

मी सांगण्याआधी तपासते. बाईंनी टब काठोकाठ भरल्यावर मी बुडाखाली कोरडा पेपर सरकवला, नळ घट्ट बंद केला आणि आम्ही तिघं दाराबाहेर बसलो. जरा वेळाने आत पाणी सांडलं, जड माणूस टबात बसल्यावर सांडतं तसं. 

मी आत गेले. बुडाखालचा पेपर कोरडा होता. पायरीजवळच्या फळ्या ओल्या होत्या, आणि टबात कुणी नव्हतं, तरी पाणी चार बोटं उतरलं होतं.

"टब गळत नाही," मी मुलाला सांगितलं. त्यापुढचं मला माहीत नव्हतं.

त्याने न्हाणीघर राहू दिलं. बाई मला म्हणाल्या, "आता टबात तुम्ही जा." पाणी छान कढत होतं. मी घरी येऊन शॉवर घेतला.