दोन श्रावणांचं वर्ष

बाई होडीत बसल्या की डोळे गच्च मिटून घ्यायच्या. खाडी ओलांडायला दहा मिनिटं, पण तेवढ्यात त्यांचा चेहरा पांढराफटक. उतरल्या की पहिला प्रश्न ठरलेला, "परतीची होडी किती वाजता?" बोरिवलीच्या खाडीपलीकडे आमचं कोळ्यांचं गाव. नर्स म्हणून घरोघर फिरायला तिथे आलेली मुलुंडची ही पोरगी, पोहता येत नाही, पाण्याला भिते. आम्ही नाव ठेवलं, भित्र्या बाई. पाठीमागेच म्हणायचो, पण त्यांना कळलं असणार.

नाडी मोजायची तर त्या दोनदा मोजायच्या. गोळी समोर गिळायला लावायच्या आणि वर तोंड उघडून दाखवायला सांगायच्या. माझी सासू वैतागायची, "अगो बाय, मी काय शाळेत हाय?"

"हो, असं समजा आजी. पण तोंड उघडा."

गावाला गप्प बसवणारी माझी सासू मुकाट्यानं आऽ करायची.

माझं पहिलं मूल बाळंतपणाला नेताना होडीतच गेलं होतं. ओहोटी लागलेली, होडी चिखलात रुतलेली, बोरिवली समोर दिसत होती. दुसऱ्यांदा दिवस राहिले तशी माझ्या पोटात भीतीच जास्त होती. या खेपेला दिवस भरायच्या पंधरा दिवस आधीच बोरिवलीला मावशीकडे जाऊन राहायचं, असं ठरलं. बाईंनी विचारलं, "शेवटची पाळी कधी आली?" आम्हाला तारखा कुठल्या माहीत? आमचं सगळं तिथीवर. मी म्हटलं, अक्षय तृतीयेला. त्यांनी बोटांवर वैशाख, ज्येष्ठ, आषाढ असं मोजलं, मग पुन्हा मोजलं. "माघी पौर्णिमेच्या आसपास. पौष संपला की मावशीकडे जा," म्हणाल्या आणि वहीत तसं लिहिलंही.

पौषातच सासू माझ्याकडे बघून म्हणाली, "पोट खाली उतरलंय तुजा." मी म्हटलं, बाईंनी लिहून दिलंय, माघ. ज्यांना आम्ही हसायचो त्यांच्या वहीवर माझा असा विश्वास.

पौषातल्या संकष्टीची सकाळ. भरओहोटी, बाईंचा यायचा वारही नव्हता. मी बोंबील वाळत घालत होते, तर समोर बाई. कमरेपर्यंत चिखल, चपला हातात. होडी मध्येच सोडून गाळ तुडवत आल्या होत्या. धाप लागलेली.

"ताई, माझी चूक झाली. यंदा श्रावण दोन होते, मी एकच धरला. काल बहीण धोंड्याच्या महिन्यात मिळालेली साडी नेसून आली, तेव्हा लक्षात आलं. तुमचे दिवस आत्ताच भरलेत. चला."

हातातले बोंबील मी तिथेच टाकले. अधिक महिना आम्हीसुद्धा पाळला होता की! पण निघणार कशा? पाणी चढेपर्यंत धक्क्यावर बसून राहिलो आणि तिथेच कळा सुरू झाल्या.

होडीत बाईंचे डोळे उघडे होते. एका हातात माझा हात, नजर घड्याळावर. नवरा जिवाच्या आकांतानं वल्ही मारत होता. बोरिवली समोर दिसायला लागली आणि माझा तोल गेला. "मोजता येत नाही तर नर्स झालात कशाला? पहिलं गेलं, हेही गेलं तर द्याल का आणून?"

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "अजून जोर लावू नका. श्वास घ्या, ताई."

रिक्षातून दवाखान्यात पोचल्यावर अर्ध्या तासात मुलगी झाली. नाळेचे दोन वेढे गळ्याभोवती. डॉक्टर म्हणाले, "घरी असतात तर पोर हाती लागली नसती." थोड्या वेळानं बाई आत आल्या. साडीवरचा चिखल वाळला होता. बाळाकडे बघून त्यांना हुंदका फुटला. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. राग उतरला नव्हता माझा. त्या जरा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या.

सव्वा महिन्यानं मी पोरीला घेऊन घरी आले. सासू म्हणाली, बाईंची बदली झाली. स्वतःची चूक त्यांनी स्वतःच साहेबांना लिहून कळवली होती. नाहीतर कुणाला पत्ता लागणार होता?

दुसऱ्या दिवशी नवी नर्स आली. मी पोरीला छातीशी धरून धावतच धक्क्यावर गेले आणि ती होडीतून उतरायच्या आत विचारलं, "आधीच्या बाई कुठे असतात आता?"

तिला माहीत नव्हतं.